चित्रवाचन : रँडॉल्फ कॉल्डेकॉट यांचे कार्य व त्याचा वर्गातील उपयोग

बालपुस्तकातील चित्र केवळ पानाची शोभा वाढविण्यासाठी असते, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. हा समज ज्यांच्या पुस्तकांनी खोटा ठरविला, त्यांत इंग्रज चित्रकार रँडॉल्फ कॉल्डेकॉट यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १८४६ मध्ये इंग्लंडातील चेस्टर येथे झाला. बालपणीच्या आजाराने त्यांची प्रकृती कायमची नाजूक झाली. पंधराव्या वर्षी ते व्हिटचर्च येथील बँकेत कारकून झाले. भोवतालच्या खेड्यांतील गुरे, घोडे व माणसे यांची रेखाटने ते फावल्या वेळी करीत. पुढे मँचेस्टर येथे नोकरी सांभाळून त्यांनी कलाशाळेच्या रात्रवर्गात शिक्षण घेतले आणि १८७२ मध्ये नोकरी सोडून ते लंडनला गेले.

१८७८ मध्ये मुद्रक एडमंड एव्हान्स यांनी त्यांची पहिली दोन चित्रपुस्तके छापली. प्रत्येकी एक शिलिंग किमतीची ही पुस्तके हातोहात खपली. १८८५ पर्यंत अशी सोळा पुस्तके निघाली. त्या काळी चित्र लाकडी ठशांवर कोरावे लागे. रेषांचा ठसा गडद तपकिरी शाईत उमटे व प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा लागे. रंग मोजकेच असत. कॉल्डेकॉट यांनी रेषाही मोजक्याच ठेवल्या व कागद पुष्कळसा मोकळा सोडला.

त्यांचा खरा विशेष म्हणजे, शब्द जेथे थांबतात तेथे त्यांचे चित्र बोलू लागते. ‘हे डिडल डिडल’ या बालगीताच्या अखेरीस बशी चमच्यासह पळून जाते. गीत तेथे संपते. पान उलटताच दिसते ते असे : बशी फुटून तिचे तुकडे पडले आहेत आणि सुरी व काटा हे वडीलधारे चमच्यास धरून परत नेत आहेत. याविषयी गीतात एक अक्षरही नाही. ही गोष्ट मुलाने चित्रातूनच वाचावयाची असते.

कॉल्डेकॉट १८८६ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा येथे, चाळिशीपूर्वीच निवर्तले. १९३८ पासून अमेरिकेत उत्कृष्ट चित्रपुस्तकास त्यांच्या नावाचे पदक दिले जाते.

वर्गात पुढीलप्रमाणे उपक्रम घ्यावेत :

(१) पाठ वाचण्यापूर्वी मजकूर झाकून केवळ चित्र दाखवावे. ‘काय दिसते?’ एवढ्यावर न थांबता ‘आधी काय घडले असेल? पुढे काय होईल?’ असे विचारावे.

(२) शब्दांत नसलेली कोणती गोष्ट चित्रात आहे, ती मुलांकडून शोधवून घ्यावी.

(३) शिक्षकाने फळ्यावर चार-सहा रेषांत प्रसंग काढावा. चित्र सुबक नसले तरी चालेल. प्राणी धावतो की बसला आहे, हे मात्र कळले पाहिजे.

पहिलीतील जे मूल अक्षरांपाशी अडते, ते चित्रातील गोष्ट पुष्कळदा बिनचूक सांगते. अशा मुलास मंद ठरविण्यापूर्वी त्यास एकदा चित्र वाचावयास द्यावे आणि ते काय सांगते, हे शांतपणे ऐकून घ्यावे.