खूणगाठ

बाजारास निघालेल्या आजीला कोणी 'येताना सुंठ आण' असे सांगितले, म्हणजे ती पदराच्या टोकाला गाठ मारीत असे. आजोबा हीच गाठ उपरण्याला मारीत. गाठीवर सुंठीविषयी एक अक्षरही लिहिलेले नसे. परंतु घाम पुसावयास पदर हाती आला की बोटांना गाठ लागे, आणि काहीतरी राहिले आहे एवढे स्मरण होई. तेवढे पुरे असे. पुढे कचेऱ्यांतून कागदांचे ढीग वाढले. तेथे फाइलीतील महत्त्वाच्या पानाला कागदाची चिठ्ठी लावण्याची पद्धत पडली. या इवल्याशा चिठ्ठीला सरकारी मराठीत 'पताका' असे ऐटदार नाव आहे.

हल्ली पुष्कळसा पत्रव्यवहार ई-मेलने होतो. या पत्राला तिकीट लागत नाही, पाकीट लागत नाही. त्यामुळे ती येतातही फार. न उघडलेले पत्र बहुधा ठळक अक्षरांत दिसते आणि उघडताच अक्षरे साधी होतात. सोय चांगली आहे. पण तिच्यातच एक खोच आहे. संगणकाला पत्र वाचले एवढेच कळते. त्यातील काम झाले की नाही, हे त्याला कोठून कळणार?

एखाद्या तालुक्याच्या गावातील मुख्याध्यापिका डोळ्यांसमोर आणा. सोमवारी सकाळी प्रार्थनेपूर्वी त्या मोबाइलवर पत्रे पाहत आहेत. शिष्यवृत्तीच्या कचेरीकडून पत्र आले आहे: आठवीतील एका मुलीच्या अर्जावरील जन्मतारीख दाखल्याशी जुळत नाही, खरी तारीख शुक्रवारपर्यंत कळवावी, अन्यथा अर्ज बाद होईल. तारीख जनरल रजिस्टरात आहे, रजिस्टर कपाटात आहे, कपाटाची किल्ली कारकुनाजवळ आहे आणि कारकून अकरा वाजता यावयाचे आहेत. पत्र वाचून झाले, काम मात्र राहिले. तेवढ्यात घंटा होते. अकरा वाजेपर्यंत आणखी अठरा पत्रे येऊन पडतात. कोणी पुस्तकांची यादी धाडलेली असते, कोणी प्रशिक्षणाची सूचना. शिष्यवृत्तीचे पत्र खाली सरकते, आणि त्याची अक्षरेही आता काम उरकलेल्या पत्रांसारखीच साधी असतात. शुक्रवार येतो आणि जातो. बाई निष्काळजी होत्या काय? मुळीच नाही. परंतु मुलीची शिष्यवृत्ती गेली, आणि तिच्याकडून तर काहीच चुकले नव्हते.

अशा वेळी पत्राला निशाण लावावे. आउटलुकमध्ये ते तांबड्या झेंड्याच्या रूपाने दिसते, जीमेलमध्ये पिवळ्या चांदणीच्या. ॲपलच्या मेलमध्ये सात रंगांचे झेंडे मिळतात. एकदा बोट टेकविले की काम झाले. पुढे निशाण लावलेली पत्रे तेवढी निराळी काढून पाहता येतात. मग त्यांवर अठरा पत्रे येवोत की अठराशे. पत्र धाडणाऱ्याला या निशाणाचा पत्ताही लागत नाही. ती आपली आपल्यासाठी केलेली खूण असते.

मोबाइलवर लावलेले निशाण शाळेतील संगणकावरही दिसते, याचे मुलांना नवल वाटेल. कारण असे की पत्रे आणि त्यांवरील खुणा दूरच्या एका मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, राहतात. अशा व्यवहारासाठी मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'आयमॅप' नावाची नियमावली तयार केली. आज प्रचारात असलेल्या आयमॅपमध्ये 'वाचलेले', 'उत्तर दिलेले' आणि 'निशाण लावलेले' अशा तीन निरनिराळ्या खुणा आहेत. नियम करणारांनीही वाचणे आणि उत्तर देणे एक मानलेले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

काहीजण वाचलेले पत्र पुन्हा 'न वाचलेले' करून ठेवतात. युक्ती वाईट नाही. पण घाईत बोट लागून पत्र उघडले की ती खूण पुसली जाते. निशाण आपण काढल्यावाचून जात नाही.

अर्थात निशाण स्वतः काही काम करीत नाही. दिवसातून एकदा, ठराविक वेळी, निशाणांची यादी पाहावी लागते. आणि उत्साहाच्या भरात प्रत्येक पत्राला झेंडा लावणारी माणसेही असतात! ज्या गल्लीत प्रत्येक घरावर गुढी उभी आहे, तेथे 'गुढी असलेल्या घरी या' असे सांगून पाहुणा कसा पोहोचणार? आपण काही करावयाचे आहे, आणि ते आता होण्यासारखे नाही, अशाच पत्राला निशाण शोभते. आउटलुकसारख्या ठिकाणी निशाणाला तारीखही जोडता येते. बाईंनी तेथे शुक्रवार न घालता मंगळवार घालावा. रजिस्टरात काही घोटाळा निघाला, तर हाती तीन दिवस उरतात.

उत्तर गेले की निशाण लगेच उतरवावे. त्याने पत्र नाहीसे होत नाही. ते आपल्या जागी राहते, आणि पुढे कोणी 'तारीख केव्हा कळविली?' असे विचारले, तर शोधून दाखविता येते.