उंदराचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट

'मॉडेल' म्हटलं की आपल्याला धरणाची नाहीतर इंजिनाची छोटी प्रतिकृती आठवते. टीबीच्या औषधांची चाचणी घेणाऱ्यांचं मॉडेल मात्र जिवंत असतं. ते म्हणजे उंदीर.

चाचणी साधारण अशी असते. उंदरांना टीबीच्या जंतूंची लागण करून त्यांचे गट पाडतात. एका गटाला औषध देत नाहीत, बाकीच्यांना वेगवेगळी औषधं देतात. ठरावीक आठवड्यांनी काही उंदरांची फुप्फुसं काढून वाटतात, तो अर्क बशीत पसरतात आणि जंतूंच्या किती वसाहती वाढल्या ते मोजतात. ई. कोलाय हा जंतू पोषक वातावरणात 20 मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी सुमारे 20 तास लागतात. त्यामुळे नुसत्या मोजणीसाठीही तीन-चार आठवडे थांबावं लागतं.

वसाहती शून्य, म्हणजे उंदीर बरा झाला का? इथेच तर गोम आहे! 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कॉर्नेलच्या संशोधकांनी उंदरांना आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड 12 आठवडे दिलं. शोधूनही जंतू सापडेनात. मग औषध बंद करून तीन महिने वाट पाहिली, तर सुमारे एक तृतीयांश उंदरांत जंतू पुन्हा हजर! वाढणारे जंतू औषधाने लवकर मरतात, पण सुस्त पडून राहिलेले काही तगून राहतात. म्हणून औषध थांबवल्यावर रोग किती उंदरांत उलटतो, हे पाहणं महत्त्वाचं ठरलं.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. नेहमीच्या औषधांतलं एक काढून मॉक्सिफ्लॉक्सासिन घातलं, तेव्हा उंदरांतले जंतू लवकर संपले. म्हणून माणसांवर सहाऐवजी चार महिन्यांचा कोर्स करून पाहिला. 1,931 रुग्णांच्या या चाचणीचा निकाल 2014 मध्ये आला. थुंकीतले जंतू लवकर गेले, पण रोग उलटण्याचं प्रमाण वाढलं. प्रयोगातल्या नेहमीच्या उंदरांच्या फुप्फुसात माणसासारख्या पोकळ्या होत नाहीत, हे त्यामागचं एक कारण मानतात. पुढे मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या जोडीला रिफापेंटिन घेऊन केलेला चार महिन्यांचा कोर्स 2021 मध्ये यशस्वी ठरला.

हे सगळं हॉस्टेलवाल्यांना कशाला सांगायचं? कारण आपण एका खोलीत तिघं-तिघं राहतो. टीबी झालेल्या मित्राचा खोकला दोन महिन्यांत थांबतो, मेसचं जेवण अंगी लागायला लागतं आणि सबमिशनच्या गडबडीत गोळ्या सुटतात. त्याचा रिपोर्ट तेव्हा निगेटिव्ह असेलही; पण कॉर्नेलच्या उंदरांचाही निगेटिव्हच होता. तेव्हा डॉक्टर सांगतील तोवर कोर्स पुरा करा, आणि रूममेटला टाळण्यापेक्षा त्याला रोज गोळीची आठवण करून द्या.