बोकड प्रदर्शनाला का गेला नाही?



गेल्या वर्षी याच पत्रकात धारणी तालुक्यातल्या एका ढान्यावरच्या महिला गटाचा फोटो छापला होता. (कोरकू वस्तीला इकडे ढाना म्हणतात.) फोटोत मधोमध एक तांबूस बेरारी बोकड होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्यावर पदर घेतलेल्या सातआठ बाया. तो बोकड तुमच्या वर्गणीतून घेतलेला. हिवाळ्यात त्याला पशुप्रदर्शनात नेणार, असेही मी उत्साहाच्या भरात लिहून टाकले होते. आता तुमच्यापैकी काही जणांनी पत्राने विचारले आहे, बोकडाला बक्षीस मिळाले का?

बक्षीस मिळाले नाही, कारण तो गेलाच नाही. त्याला मीच थांबवले. गटातल्या बाया त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी धड बोलत नव्हत्या. त्यांनी त्याला घासूनपुसून तयार केले होते, नवे दावे आणले होते, गाडीचे भाडेही आपसांत वाटून घेतले होते. "भाऊ, बकरा तो एकदम चंगा है, फिर क्यों रोका?" हा त्यांचा प्रश्न. तुम्हालाही तो पडला असेल, म्हणून या अंकातला पाठ त्यावरच लिहितो.

बोकड धडधाकट होता यात शंका नाही. अडचण लसीची होती. त्याला पीपीआरची लस देऊन फक्त आठ दिवस झाले होते. लस टोचली त्या दिवसापासून जनावर सुरक्षित, असे नसते. शरीराला रोगाशी लढण्याची तयारी करायला दोन ते तीन आठवडे लागतात. तोपर्यंत लस टोचलेले जनावर आणि न टोचलेले जनावर यांत फारसा फरक नाही. आणि लस उशिरा झाली ती माझ्यामुळे. पीपीआरच्या एका कुपीत अनेक मात्रा असतात. कुपी एकदा फोडून औषध कालवले की ते थंड ठेवून काही तासांतच संपवावे लागते. एका बोकडासाठी ती फोडता येत नाही, सगळ्या ढान्यावरच्या शेळ्या एका सकाळी गोळा कराव्या लागतात. दिवाळीनंतर निम्मी घरे मजुरीसाठी बाहेर गेलेली, त्यांच्या शेळ्या नातेवाइकांकडे विखुरलेल्या. सगळ्या एकत्र येतील म्हणून मी आज-उद्या करत राहिलो आणि तारीख पुढे गेली.

पण एवढ्या कारणासाठी बायांची वर्षाची हौस मोडायची का? त्यासाठी 2019 च्या जानेवारीतली गोष्ट सांगावी लागेल. ती या पत्रकात मी तेव्हा लिहिली नव्हती. लाज वाटली होती.

त्या वर्षी दुसऱ्या एका ढान्यावरच्या तीन शेळ्या घेऊन आम्ही तालुक्याबाहेरच्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. फाटकावर कोणी कागद विचारला नाही, आम्हीही दाखवला नाही, कारण आमच्याकडे तो नव्हताच. त्या वेळी मला ती सोय वाटली. आत सगळ्या शेळ्या एकाच दावणीला बांधल्या होत्या, पाण्याचे टाके सगळ्यांना एकच. आमच्या शेजारी बांधलेल्या एका शेळीच्या नाकातून पाणी गळत होते. थंडीचे दिवस आहेत, सर्दी झाली असेल, असे मी म्हणालो. आमच्या एका शेळीला उत्तेजनार्थ म्हणून स्टीलची बादली मिळाली आणि आम्ही गाणी म्हणत घरी आलो. शेळ्या त्याच संध्याकाळी कळपात सोडल्या.

पाचव्या दिवशी त्या तिघींपैकी एकीने चारा सोडला. अंग तापले, डोळ्यांतून आणि नाकातून घाण येऊ लागली, मग तोंडात फोड आणि पातळ हगवण. आठवड्याभरात निम्मा कळप तसा झाला. लोकांनी पडियाराला बोलावले, त्याने शेळ्यांना तापल्या विळ्याने डागले. एरवी मी डागण्याविरुद्ध घसा कोरडा करतो. त्या दिवशी गप्प उभा राहिलो. रोग माझ्या गाडीतून आला होता, मी कोणत्या तोंडाने बोलणार? ढान्यावरच्या सत्तावीस शेळ्यांपैकी अकरा गेल्या. त्यांतल्या चार एकाच विधवा बाईच्या होत्या आणि तिच्याकडे होत्या तेवढ्या त्याच. ती बादली अजून तिच्याच घरी आहे. मी गेलो की ती त्याच बादलीतून मला पाणी देते.

तो रोग पीपीआर. जुन्या माणसांना बुळकांडी आठवत असेल. गाईबैलांच्या गोठ्यांचे गोठे रिकामे करणारा तो रोग लसीकरणाने संपला. भारत 2006 साली त्यातून मुक्त ठरला आणि 2011 साली सगळे जग. पीपीआर हा त्याच कुळातला, शेळ्यामेंढ्यांचा. एकदा नीट दिलेली लस सुमारे तीन वर्षे राखण करते. म्हणजे त्या अकरा शेळ्या वाचवणे कठीण नव्हते.

आता प्रदर्शनाच्या फाटकावर काय मागतात आणि का मागतात ते पाहू. पहिली गोष्ट कानातला बिल्ला. पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात आणि त्या आकड्यांवर त्या जनावराची नोंद सरकारी संगणकात असते, कोणती लस कधी दिली ती सुद्धा. आपल्या राज्यात 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक यांवर बंधन आले आहे. पुष्कळ लोकांना वाटते की बिल्ला लावला की सरकार जनावर नेईल किंवा कर बसेल. तसे काही नाही. उलट नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर हाच बिल्ला साक्ष देतो.

दुसरी गोष्ट लसीकरण. गाईबैलांना आणि म्हशींना लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याच्या आधी, लम्पीची लस वर्षातून एकदा. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच. शेळ्यांना पीपीआर आणि पावसाळ्यापूर्वी आंत्रविषार. यांतल्या बहुतेक लसी सरकारी दवाखान्यातून मिळतात. प्रदर्शनाच्या निदान तीन-चार आठवडे आधी लस झालेली हवी, हा हिशेब वर सांगितलाच.

तिसरी गोष्ट आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे आमच्याकडची 'डॉक्टरची चिठ्ठी'. गाडीतून जनावर न्यायचे तर वाहतुकीच्या नियमांनुसारही ती लागते. पशुवैद्यक ताप बघतात, तोंड उघडून हिरड्या आणि जीभ बघतात, खुरांच्या बेचक्या, कातडी, डोळे, नाक तपासतात आणि बिल्ल्याचा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळवतात. ही चिठ्ठी महिनाभर आधी काढून ठेवू नये, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीच घ्यावी. तीन आठवड्यांपूर्वी निरोगी असलेले जनावर आज निरोगी असेलच असे नाही. पैदाशीचा वळू किंवा बोकड असेल तर रक्ताची तपासणीही मागतात, कारण सांसर्गिक गर्भपात वरून दिसत नाही आणि तो माणसालाही होतो. आमच्या बाया शेळी विताना उघड्या हातांनी वार ओढतात, म्हणून मला ही तपासणी कागदापुरती वाटत नाही.

हे सगळे ऐकून एक म्हातारे बाबा मला म्हणाले, आमच्या बापाने बहिरमच्या यात्रेत बैल नेले तेव्हा कोणी चिठ्ठी मागितली नव्हती. खरे आहे. पण त्या काळी बैल पायी जात. वाटेत रोग निघाला तर वाटेतच दिसायचा. आता सकाळी बऱ्हाणपूरच्या बाजारात असलेले जनावर संध्याकाळी धारणीत असते आणि दुसऱ्या दिवशी परतवाड्यात. रोग अंगात असूनही बाहेर न दिसण्याचे जे दिवस असतात, त्याच दिवसांत ते तीन बाजार करून येते. पीपीआरला हे दिवस चार ते सहा असतात, लाळ्या-खुरकुताला दोन ते चौदा, लम्पीला तर चार आठवड्यांपर्यंत.

याचा मोठा दाखला इंग्लंडमधला आहे. 20 फेब्रुवारी 2001 रोजी तिथे लाळ्या-खुरकुताचे निदान झाले, पण तोपर्यंत आजारी मेंढ्या हेक्सहॅम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून देशभर गेलेल्या होत्या. तो रोग आवरायला साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली. पैसा, डॉक्टर, रस्ते सगळे असलेल्या देशात हे झाले.

आपल्याकडचा दाखला तुम्हाला आठवतच असेल. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावल इथे लम्पी दिसला. रावेर म्हणजे बऱ्हाणपूरच्या पलीकडे, इथून काही फार लांब नाही. त्याच महिन्याच्या शेवटी पोळा होता, गावोगाव बैल तोरणाखाली खांद्याला खांदा लावून उभे राहिले. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत रोग भरभर पसरला. सप्टेंबरमध्ये सरकारने सगळे राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून जनावरांचे बाजार, जत्रा, शर्यती आणि प्रदर्शने बंद केली. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात ही तरतूद आहे. रोग दिसला तर मालकाने कळवायचे आणि जनावर वेगळे बांधायचे, हेही त्याच कायद्यात आहे. मेलेल्या गाईसाठी 30,000, बैलासाठी 25,000 आणि वासरासाठी 16,000 रुपये मदत मिळत होती. ज्यांच्याकडे नोंद नव्हती त्यांना ती मिळवताना किती फेऱ्या माराव्या लागल्या, हे मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरून पाहिले आहे.

एक नियम मात्र फाटकावर कोणी तपासू शकत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा तोच. तो म्हणजे घरी परतल्यावर जनावर वेगळे ठेवणे. प्रदर्शनातून किंवा बाजारातून आलेले जनावर एकवीस दिवस कळपात सोडू नये. दिलेली लस, घेतलेली चिठ्ठी, सगळे बरोबर असले तरी सोडू नये. लेवीय पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात याजक संशयित माणसाला सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा तपासतो, ते तुम्ही वाचलेच असेल. तिथे विषय माणसांचा आहे, पण पाहण्याची रीत तीच आहे: आज दिसत नाही म्हणजे नाही असे समजायचे नाही, थांबायचे आणि पुन्हा पाहायचे.

सांगायला सोपे आहे. ज्या घरात माणसे आणि शेळ्या एकाच छपराखाली झोपतात, तिथे वेगळे ठेवायचे कुठे? वाघ-बिबट्याच्या मुलखात शेळी रात्री बाहेर बांधता येत नाही. पहिल्या दोन वर्षांत आमचा हा नियम कागदावरच राहिला. शेवटी बायांनीच तोड काढली. ढान्याच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून दूर, सागाच्या बल्ल्या आणि बांबूची ताटी लावून एक भक्कम कोंडवाडा केला, वरून काटेरी फांद्या घातल्या. बाहेरून आलेले प्रत्येक जनावर आधी तिथे राहते, मग ते प्रदर्शनातून आलेले असो, बाजारातून आणलेले असो की पाहुण्यांनी दिलेले. त्याची बादली वेगळी, दावे वेगळे. चारा टाकणारी बाई आधी स्वतःच्या शेळ्यांचे करते आणि मग तिकडे जाते, उलट नाही. गोचीड आणि माश्यांसाठी फवारणी होते. ताप बघायचा थर्मामीटर गटाकडे आहे आणि एकशे साडेतीनच्या वर पारा गेला की मला नाहीतर 1962 या सरकारी क्रमांकावर कळवायचे. फोनला रेंज मिळाली तर, कारण त्यासाठी अजून टेकडीवर जावे लागते.

प्रदर्शनात जातानाही आता आमची बादली, आमचा चारा आणि आमचे दावे बरोबर असते. तिथल्या टाक्यावर पाणी पाजायचे नाही. शेजारच्या शेळीचे नाक गळत असेल तर जागा बदलून मागायची, आणि जागा मिळाली नाही तर परत फिरायचे. यावरून एकदा संयोजकांशी माझी शाब्दिक चकमकही झाली आहे. तरी प्रदर्शने नकोत असे माझे म्हणणे मुळीच नाही. चांगला बोकड चारचौघांनी पाहिला की त्याच्या पिलांना भाव येतो, आणि आमच्या बायांना धारणीच्या बाजारात व्यापारी जो भाव सांगेल तो निमूट घ्यावा लागत नाही.

बायांचा राग आता निवळला आहे. त्या विधवा बाईंना मी एका बैठकीला घेऊन गेलो होतो. त्यांनी अकरा शेळ्यांची गोष्ट कोरकूत सांगितली, माझ्यापेक्षा फार थोड्या शब्दांत. त्यानंतर बोकडाचा विषय कोणी काढला नाही, पुढच्या लसीची तारीख मात्र विचारली. ती आता गटाच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. गटाच्या अध्यक्षाबाईंना लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी बोकडाच्या बिल्ल्यावरचे बारा आकडे मुलीकडून ऐकून पाठ करून ठेवले आहेत. परवा मी गेलो तेव्हा त्यांनी ते मला न अडखळता म्हणून दाखवले आणि विचारले, आता फाटकावर आणखी काय विचारतील?