रक्तातील लोहाचा जमाखर्च

नाशिक शहर असो वा सुरगाणा, पेठ यांसारखा डोंगराळ तालुका असो, सरकारी व अनुदानित शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा एक निळी गोळी देण्याची योजना आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलींसाठी ती अंगणवाडीत असते. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. "मला काहीच झालेले नाही, मग गोळी कशाला?" असे पुष्कळ मुलींना वाटते. याचे उत्तर एका साध्या गणितात आहे.

रक्ताचा तांबडा रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. फुप्फुसांतील ऑक्सिजन अंगभर पोचवणे हे त्याचे काम. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. समजा, एका मुलीच्या १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे आणि मासिक पाळीत तिचे ४० मिलिलिटर रक्त जाते. म्हणजे ४.८ ग्रॅम हिमोग्लोबिन आणि त्याबरोबर सुमारे १६ मिलिग्रॅम लोह गेले. ३० दिवसांवर वाटले तर रोज अर्धा मिलिग्रॅम! हा खर्च शरीराच्या नेहमीच्या खर्चाहून वेगळा. शिवाय याच वयात उंची भराभर वाढते, त्यासाठीही नवे रक्त लागते.

आता जमेची बाजू पाहू. भाकरी, डाळ, भाजी यांतील लोह फार थोडे शोषले जाते. शेकडा ५ भाग धरले, तर या अर्ध्या मिलिग्रॅमसाठी अन्नात रोज १० मिलिग्रॅम जादा लोह हवे. जमा कमी पडली की शरीर आधी आपला साठा वापरते. तेव्हा बाहेरून काही कळत नाही. साठा संपला की हिमोग्लोबिन उतरते, धाप लागते, अभ्यासात मन लागत नाही. १२ ग्रॅमच्या खाली गेले तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकी ५९ जणींना तो आढळला. म्हणूनच गोळी साठा संपण्यापूर्वी घ्यायची.

गोळी जेवणानंतर घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. शौचाला काळसर झाली तर घाबरू नये. पोटातील जंतही लोहाची चोरी करतात, म्हणून वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देतात.

एक प्रयोग करा. गंजलेला खिळा रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. सकाळी त्या द्रवाचे काही थेंब बिनदुधाच्या कडक चहात टाका. चहा काळा पडेल. चहातील टॅनिन लोहाला पकडून ठेवते. पोटातही तसेच घडते. म्हणून जेवणाबरोबर वा गोळीबरोबर चहा नको. उलट, लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते. नागलीला मोड आणले तरी तिच्यातील लोह अधिक उपयोगी पडते.

मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. आदिवासी भागांत सिकलसेल हा आनुवंशिक विकारही आढळतो आणि तो लोहाने बरा होत नाही. म्हणून थकवा हटत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

स्वाध्याय : मासिक पाळीत ६० मिलिलिटर रक्त गेले, तर किती लोह जाईल? गणित करून वर्गात सांगा.