गर्भातील आजाराचे निदान आणि मशवऱ्याची शिकवण

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामधील 233व्या आयतीत तान्ह्या बाळाचे दूध सोडवण्याचा विषय आला आहे. हा निर्णयही माता-पित्याने परस्पर संमतीने आणि मशवऱ्याने घ्यावा, अशी तेथे शिकवण आहे. दूध सोडवण्यासारख्या घरगुती बाबीतही मशवरा आवश्यक असेल, तर गर्भातील बाळाला गंभीर आनुवंशिक आजार असल्याचे कळल्यावर त्या मातेला एकटीला निर्णयाचे ओझे वाहू देणे कसे योग्य ठरेल?

थॅलेसेमिया मेजर या रक्ताच्या आजाराचे उदाहरण घेऊ. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ आजारी असण्याची शक्यता 25 टक्के, केवळ वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्णतः मुक्त असण्याची 25 टक्के असते. आजार दोघांकडून येतो. म्हणून सुनेला टोमणे मारणे हे अज्ञान तर आहेच, शिवाय तो जुलूमही आहे.

कोणाला विचारावे?

ज्ञान नसेल तर जाणत्यांना विचारा, असा आदेश सूरह अन-नहलच्या 43व्या आयतीत आहे. येथे जाणते एकाहून अधिक आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ मातेची प्रकृती आणि चाचणीतील धोका सांगतात. आनुवंशिकतातज्ज्ञ अहवालाचा अर्थ उलगडतात. रक्तविकारतज्ज्ञ उपचारांचे चित्र स्पष्ट करतात: दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त चढवणे, शरीरातील जादा लोह काढणारी औषधे आणि जुळणारा दाता मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपण. समुपदेशक खचलेल्या मनाला आधार देतात. आलिम शरीअतची मर्यादा सांगतात. मात्र वैद्यकीय वस्तुस्थिती नीट समजल्याशिवाय त्यांनाही उत्तर देता येत नाही. म्हणून या सर्वांचे म्हणणे पती-पत्नीने शक्यतो एकत्र बसून ऐकावे.

शरीअतची मर्यादा

हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसच्या आधारे अनेक उलमांनी 120 दिवसांनंतर गर्भात रूह फुंकली जाते, असे मानले आहे. मक्केतील इस्लामी फिकह परिषदेने 1990 मध्ये ठरवले की, 120 दिवसांनंतर केवळ मातेच्या जिवाला निश्चित धोका असेल तरच गर्भपात करता येईल. त्यापूर्वी, विश्वासू तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने गर्भातील दोष गंभीर व उपचारापलीकडचा असल्याची खात्री केली, तर माता-पित्याच्या विनंतीवरून तो करता येईल. काही उलमांचे मत याहून कडक आहे. म्हणून शाफई असो वा हनफी, प्रत्येक कुटुंबाने आपल्या मसलकच्या मुफ्तींना विचारावे.

दिवस मोजताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. डॉक्टर आठवडे शेवटच्या मासिक पाळीपासून मोजतात, तर गर्भधारणा साधारण दोन आठवड्यांनी होते. त्यामुळे 120 दिवस डॉक्टरांच्या हिशेबाने सुमारे 19 आठवड्यांना पूर्ण होतात. वारेचा अंश तपासण्याची चाचणी साधारण 11 ते 13 आठवड्यांत, तर गर्भजलाची 15 आठवड्यांनंतर होते; अहवालासही वेळ लागतो. म्हणून विलंब नको. वाहक आहोत का, याची रक्ततपासणी निकाहपूर्वीच करणे उत्तम. देशाच्या कायद्याची मुदत वेगळी आहे. कायद्याने परवानगी असली म्हणजे शरीअतनेही दिली, असे समजू नये. सज्ञान स्त्रीच्या संमतीविना गर्भपात कायद्यालाही मान्य नाही. तेव्हा कोणी दबाव आणू नये.

जमातचे कर्तव्य

बाळ आजार घेऊन जन्माला आले, तर खरी सोबत तेव्हापासून हवी. “सब्र करा” एवढे बोलून कर्तव्य संपत नाही. रक्तदाते मिळवून देणे, रुग्णालयात सोबत जाणे, कुटुंब पात्र असल्यास जकातीतून साहाय्य करणे, हेही सब्रला दिलेले बळ आहे.

हजरत मूसा (अ.स.) यांनी मोठी जबाबदारी समोर येताच आपले बंधू हारून (अ.स.) यांची सोबत अल्लाहकडे मागितली. प्रेषितांनी सोबत मागितली, तर सामान्य माणसाने ती मागण्यात संकोच कसला?

अल्लाह अशा प्रत्येक कुटुंबाला योग्य निर्णयाची बुद्धी, हिंमत आणि प्रेमळ सोबती देवो. आमीन.