सैनिकी पेशाची निवड

आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही. ठरावीक वयात प्रत्येक तरुणाला काही काळ सैन्यात घालवावा लागतो, असा कायदा असलेले अनेक देश आहेत. भारतात मात्र भूदल, नौदल किंवा हवाई दल यांत जो जातो तो स्वेच्छेने जातो. त्यामुळे सैनिकी पेशा हा आपल्याकडे केवळ कर्तव्याचा नव्हे, तर निवडीचाही प्रश्न ठरतो. निवड करताना काय मिळणार हे जसे पाहावे लागते, तसेच काय सोडावे लागणार आणि ही वाट कोठवर नेणार, हेही पाहावे लागते. पहिल्या प्रश्नाची चर्चा घरोघर होते. उरलेल्या दोहोंची फारशी होत नाही.

सेनाधिकारी होण्याचा मार्ग भारतीयांना सहजासहजी लाभलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील लष्करी महाविद्यालयात भारतीय तरुणांसाठी वर्षाला अवघ्या १० जागा राखण्यात आल्या. अधिकारी देशातच घडवावेत, अशी मागणी पुढे वाढत गेली आणि १९३२ मध्ये डेहराडून येथे भारतीय लष्करी प्रबोधिनी सुरू झाली. तिच्या पहिल्या तुकडीत ४० छात्र होते. त्यांतील तिघे पुढे तीन देशांचे सेनाप्रमुख झाले : सॅम माणेकशॉ भारताचे, मुहंमद मूसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशाचे. स्वातंत्र्यानंतर तिन्ही दलांच्या छात्रांना एकत्र शिक्षण देण्याची योजना आखण्यात आली. तिचा आरंभ १९४९ मध्ये डेहराडून येथे झाला आणि १९५४ पासून पुण्याजवळ खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कार्य सुरू झाले.

आज अधिकारपदाकडे नेणारी दारे एकाहून अधिक आहेत. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयोगटातील विद्यार्थी शालेय शिक्षण संपताच खडकवासल्याच्या प्रवेशपरीक्षेस बसू शकतात. तेथील शिक्षण तीन वर्षांचे असून त्याअखेर पदवीही मिळते. पदवीधरांसाठी स्वतंत्र परीक्षा आहे. तिच्यातून डेहराडून किंवा चेन्नई येथील प्रशिक्षणसंस्थांत प्रवेश मिळतो. दीर्घकाळपर्यंत स्त्रियांना केवळ वैद्यकीय व परिचर्या सेवांत वाव होता. १९९२ पासून त्यांना भूदलाच्या इतर काही शाखांत मर्यादित मुदतीच्या नेमणुका मिळू लागल्या. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भूदलातील स्त्री-अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीचा मार्ग मोकळा केला. २०२२ मध्ये खडकवासल्यास मुलींना प्रवेश मिळाला आणि त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली.

लेखी परीक्षेनंतर उमेदवाराला निवड मंडळापुढे जावे लागते. ही कसोटी पाच दिवस चालते. एखादे चित्र क्षणभर दाखवून त्यावर कथा लिहावयास सांगतात, गटात चर्चा घडवून आणतात, दीर्घ मुलाखत घेतात. फळ्या, दोर व पिंपे देऊन सर्वांनी मिळून अडथळा ओलांडावा, असेही काम दिले जाते. गटाचा नायक कोणी नेमत नाही. कोण पुढाकार घेतो, कोण दुसऱ्याचे ऐकतो, कोण मागे राहिलेल्यास हात देतो, हे परीक्षक दुरून पाहत असतात. येथे पाठांतर फारसे उपयोगी पडत नाही. मात्र या कसोटीत नापसंत ठरणे म्हणजे नालायक ठरणे नव्हे. एका विशिष्ट कामासाठी विशिष्ट स्वभावाचा माणूस शोधला जात असतो, इतकाच त्याचा अर्थ.

आता काय सोडावे लागते ते पाहू. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ अन्वये सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला आहे. सैनिक मतदान करू शकतो; पण राजकीय पक्षाचा सभासद होऊ शकत नाही. कामगार संघटना स्थापणे, निदर्शनांत भाग घेणे, वृत्तपत्रांना परवानगीवाचून मजकूर देणे यांवरही निर्बंध आहेत. इतर नोकरदार राजीनामा देऊन मोकळा होतो. सेनाधिकाऱ्याला मात्र शासनाच्या मंजुरीवाचून सेवा सोडता येत नाही. ज्या नागरी स्वातंत्र्याचे रक्षण करावयाचे, त्याचाच काही अंश स्वतःपुरता बाजूला ठेवण्यास त्याने आधीच संमती दिलेली असते. मृत्यूचा धोका सर्वांना दिसतो. हा रोजचा त्याग तितकासा दिसत नाही.

तिसरा प्रश्न शेवटाचा. सैन्याची रचना शंकूसारखी असते. वर जावे तशा जागा कमी होत जातात. भूदलात लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंतची बढती सेवाकालानुसार मिळते. कर्नलपासून पुढे निवड होते आणि कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यांपैकीही अनेकांना तेथेच थांबावे लागते. कर्नल साधारणतः ५४ व्या वर्षी निवृत्त होतो. मर्यादित मुदतीची नेमणूक स्वीकारणारा अधिकारी दहा किंवा चौदा वर्षांनी बाहेर पडतो. जवानांच्या बाबतीत हा काळ आणखी आखूड झाला आहे. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेनुसार सेवेची मुदत चार वर्षांची असून तिच्याअखेर २५ टक्क्यांपर्यंतच अग्निवीरांना पुढील सेवेसाठी घेतले जाते. उरलेल्यांना एकरकमी सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. अठराव्या वर्षी भरती झालेल्या मुलाला बाविसाव्या वर्षी पुन्हा नव्या व्यवसायाच्या शोधात निघावे लागण्याचा संभव आहे.

यावरून हा पेशा स्वीकारू नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अल्पवयात मोठी जबाबदारी, भिन्न प्रांतांच्या व भिन्न भाषांच्या माणसांशी जडणारा जिव्हाळा, आपले जीवन कशासाठी तरी उपयोगी पडत आहे ही जाणीव, या गोष्टी अन्यत्र इतक्या सहजपणे लाभत नाहीत. सांगावयाचे आहे ते इतकेच, की गणवेश अंगावर चढवताना तो उतरवण्याच्या दिवसाचाही विचार केलेला असावा. सेवेत असताना शिक्षण पुढे चालू ठेवणे, एखादे कौशल्य हस्तगत करणे, कुटुंबाला विश्वासात घेणे, ही त्या दिवसाची तयारी होय. आईवडिलांनी मुलाला सैन्यात जा किंवा जाऊ नको असे सांगण्यापूर्वी त्याच्याबरोबर बसून या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधावीत. ती समजून घेऊन जो पुढे पाऊल टाकतो, त्याचीच निवड खऱ्या अर्थाने स्वेच्छेची म्हणता येईल.