यादीत नसलेला नंबर

मतदारयादीत आपलं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, लिंग, घर क्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक छापलेला असतो. ही यादी जाहीर असते आणि तशीच असायला हवी. ती झाकून ठेवली तर बोगस नावं पकडायची कशी? निकालानंतर फॉर्म २० मधून कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली तेही कळतं. म्हणजे एकेका वस्तीचा कल आणि तिथल्या माणसांची नावं पक्षांच्या हाती आधीच असतात. आडनावावरून जात-धर्माचा अंदाज बांधायला तर कार्यकर्त्याला संगणकही लागत नाही. यादीत नसतो तो आपला मोबाईल नंबर. निवडणुकांमागून निवडणुका पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की मतदाराच्या हातात उरलेली एकमेव गोष्ट हा नंबर आहे, आणि तोच आपण कुणीही मागितला की देऊन टाकतो.

तो मागितला कसा जातो हे लोकसभेच्या गेल्या निवडणुकीत उघड दिसलं. सर्वेक्षणाच्या किंवा भावी योजनेच्या नोंदणीच्या नावाखाली पक्ष मतदारांकडून फॉर्म भरून घेत होते. २ मे २०२४ रोजी निवडणूक आयोगाने सर्व पक्षांना ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. त्या फॉर्मांमध्ये नाव, वय, पत्ता, मोबाईल आणि बूथ क्रमांक विचारला जात होता. योजनेचा लाभ द्यायला बूथ क्रमांक कशाला हवा? तो हवा असतो नंबर यादीतल्या नेमक्या ओळीशी जुळवायला. एकदा जुळला की नंबरांची यादी फेसबुकवर चढवून त्याच माणसांना जाहिरात दाखवता येते, त्यांच्यासारखी आणखी माणसं शोधता येतात. धर्म किंवा राजकीय कल यांवर आधारलेले जाहिरातींचे तयार पर्याय फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, २०२२ मध्ये काढून टाकले खरे. पण ज्याची यादीच आधी तशी चाळलेली आहे, त्याला ते लागतात कशाला? सरकारी यंत्रणाही याला अपवाद नाही. आचारसंहिता लागू झाल्यावरही ‘विकसित भारत’चे व्हॉट्सॲप संदेश येत राहिले, तेव्हा २१ मार्च २०२४ रोजी आयोगाला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ते थांबवायला सांगावं लागलं.

यावर कुणी म्हणेल, गल्लीतल्या कार्यकर्त्याला सगळ्यांची खडान्‌खडा माहिती पूर्वीही असायचीच. असायची, पण तो दारात उभा राहून बोलायचा, आणि एका घरी एक व दुसऱ्या घरी भलतंच बोलला तर संध्याकाळपर्यंत पारावर त्याची चर्चा व्हायची. फोनवरचा संदेश शेजाऱ्याला दिसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशा जाहिरातींनी मतं खरंच फिरतात का? केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे सुमारे ८ कोटी ७० लाख फेसबुक खात्यांची माहिती गेल्याचं २०१८ मध्ये समोर आलं, तरी २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांना आढळलं की त्या कंपनीची बहुतेक तंत्रं बाजारात सर्रास मिळणारीच होती. जादू नव्हती, हे मान्य. पण सर्रास मिळतं ते उद्या नगरसेवकपदाचा उमेदवारही वापरणार. शिवाय नुकसान मोजायचं ते फिरलेल्या मतांवरून नव्हे. शेतकऱ्याला चढ्या भावाचं आणि शहरातल्या गिऱ्हाईकाला स्वस्त कांद्याचं आश्वासन एकाच पक्षाने वेगवेगळं दिलं, तर त्याला जाब विचारणारं कुणी उरत नाही, खरं नुकसान हे आहे.

कायद्यावर विसंबून राहू नका. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून, कायद्यानुसार जाहीर केलेली माहिती, म्हणजे मतदारयादीही, वगळलेली आहे. म्हणून फॉर्म समोर आला की आधी बूथ क्रमांकाचा रकाना आहे का ते पाहा. असेल तर भरू नका. फेसबुकवर प्रचाराची जाहिरात दिसली की ती आपल्यालाच का दिसते हा पर्याय उघडा, आणि मेटाच्या जाहिरात संग्रहात त्याच पक्षाच्या बाकीच्या जाहिराती चाळा. दुसऱ्यांना काय सांगितलं जातंय ते तिथे दिसतं. आलेला संदेश वेगळ्या व्यवसायातल्या, वेगळ्या समाजातल्या ओळखीच्या माणसाला दाखवा. आणि मतदानाची चिठ्ठी द्यायला आलेल्याने नंबर मागितला, तर सरळ सांगा: दादा, नाव यादीत आहे, मत द्यायला नंबर लागत नाही.